मडकं बांधण्याआधी : घरच्या पोपटांची पहिली वीण



ऊस विकास अधिकाऱ्याने पाखरांवर लेख लिहावा याचं काहींना नवल वाटेल. पण गेल्या काही वर्षांत आपल्या कार्यक्षेत्रात गावोगाव पडवीला, सोप्यात, जिन्याखाली रंगीत पोपटांचे पिंजरे दिसू लागले आहेत. प्लॉट पाहणीला गेलं की उसाचं बोलणं दहा मिनिटांत उरकतं आणि मग घरातली पोरं हाताला धरून पिंजऱ्यापाशी नेतात. "साहेब, ह्यांला पिल्लं कधी होणार?" हा प्रश्न मला सध्या तोडणीच्या तारखेच्या खालोखाल विचारला जातो. माझ्या घरी हे पक्षी बरीच वर्षं आहेत, त्यामुळे जमेल तसं सांगत आलो. मागच्या हंगामात मात्र एकाच गटातल्या तीन घरांत मादी अंड्यावर दगावली. एका घरातली पोरगी दोन दिवस जेवली नाही म्हणे. तिन्ही ठिकाणी अंडं अडलं होतं आणि तिन्ही ठिकाणी ते टाळता आलं असतं. म्हणून संपादक मंडळाकडून ही पानं मागून घेतली.

आधी कायद्याचं सांगतो. गळ्याला कंठ आणि लाल चोच असलेला आपला हिरवा राघू पाळायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं, विकणं आणि विकत घेणं गुन्हा आहे. मोठा पहाडी पोपटही त्यात आला आणि लाल-जांभळ्या डोक्याचा छोटा पोपटही आला. "आमच्या आज्याच्या पिंजऱ्यात होता की," असं जुनी माणसं म्हणतात. होता, हे खरं आहे. पण ती सबब आता चालत नाही. राघूची वीण साधारण जानेवारी ते एप्रिल, म्हणजे नेमकी आपल्या तोडणीच्या धामधुमीत होते. त्याच दिवसांत कॅनॉलकडेच्या जुन्या झाडांच्या ढोलीतनं पोरं पिल्लं काढून आणतात. अंगावर पीस नसलेलं ते पिल्लू दूध-भाकरीवर जगत नाही. ढोलीतनं पडलेलं पिल्लू सापडलं तर वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. राघू मक्याची कणसं फोडतो, पेरूचं नुकसान करतो, म्हणून त्याच्यावर आपला राग असतो. तो राग रास्त आहे, पण म्हणून त्याची पिल्लं घरी आणायची नाहीत.

मग घरात पाळतात तो पोपट कोणता? बाजारात ज्याला सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून विकतात तो बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतोच. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा आणि जाड चोचीचा. आपल्या पडवीत असतो तो ऑस्ट्रेलियातला बजरीगर, लांब शेपटीचा, पाठीवर काळ्या आडव्या रेघांचा आणि वजनाने तीस-पस्तीस ग्रॅम. पाळणारे त्याला थोडक्यात 'बजी' म्हणतात, आपणही तसंच म्हणू. जॉन गूल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञाने १८४० मध्ये हे पक्षी जिवंत इंग्लंडात आणले आणि तेव्हापासून ते माणसाच्या घरात वाढत आले आहेत. रानातला बजी फक्त हिरवा-पिवळा असतो. निळे, पांढरे, पिवळेधमक हे सगळे पिंजऱ्यात झालेले रंग. या पक्ष्याला कायद्याची आडकाठी नाही. मकाव, काकाकुवा, करडा आफ्रिकन पोपट अशा मोठ्या परदेशी पाखरांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, त्या भानगडीत नवशिक्याने पडूच नये.

या पाखराचं मूळ रान ध्यानात घेतलं की पुढचं पुष्कळसं आपोआप उमगतं. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागात हे थव्याने फिरतात. पाऊस पडला, गवताला दाणा धरला, की झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. दाणा संपला की वीण थांबते. म्हणजे अंडी कधी घालायची आणि कधी थांबायचं हे तिथे दुष्काळ ठरवतो. आपल्या पडवीत दुष्काळ कधी येतच नाही. दाणा वर्षभर भरलेला, पाणी वर्षभर भरलेलं आणि ढोली म्हणून मडकं वर्षभर बांधलेलं. मग मादी अंडी घालत राहते, घालत राहते आणि एक दिवस मडक्यातच मरून पडते. तेव्हा जोडी जमेल का, पिल्लं होतील का, याची फार चिंता करू नका. बजी सहज वितात. चिंता करायची ती त्यांना कुठे अडवायचं याची.

जोडी घेताना

बेणं घेताना आपण डोळा बघतो, वय बघतो, खोडव्याचं बेणं घेत नाही. इथे मात्र शिकलेली माणसंसुद्धा दुकानदाराने हात घालून काढून दिलेली दोन पाखरं 'जोडी' म्हणून घरी आणतात. दोन निघाली म्हणजे जोडी झाली असं नव्हे. एका सभासदाने वर्षभर दोन नरांसमोर मडकं टांगून ठेवलं होतं आणि दोष मडक्याला देत होता.

ओळख सोपी आहे. चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती मेणासारखी एक गादी असते. मोठ्या नराची ती गडद निळी असते, मादीची तपकिरी किंवा फिकट पांढुरकी. विणीला आलेल्या मादीची गादी गडद तपकिरी, खरबरीत होते. अंगाने पूर्ण पिवळ्या, पूर्ण पांढऱ्या आणि काही कवड्या जातींत मात्र नराची गादी मोठेपणीही गुलाबी-जांभळीच राहते, तिथे जाणत्याला विचारावं. कोवळ्या पिल्लात तर सगळ्यांचीच गुलाबीसर असते, तेव्हा पैज लावू नका.

त्याहून महत्त्वाचं वय. पिल्लाच्या कपाळावर काळ्या आडव्या रेघा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतात. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसं झडली की कपाळ स्वच्छ होतं. डोळाही बघावा. कोवळ्या पाखराचा डोळा नुसता काळा मणी, मोठा झाला की बहुतेक जातींत बुबुळाभोवती फिकट कडं दिसतं. चार-पाच महिन्यांची मादी अंडी घालू शकते, आणि घोटाळा तिथेच होतो. घालू शकते म्हणून घालू द्यायची नसते. मादी दहा-बारा महिन्यांची झाल्याशिवाय मडकं दाखवू नये. आपण लागणीला दहा-अकरा महिन्यांचं बेणं धरतो, हा आकडा त्याच्याशी जुळतो हा निव्वळ योगायोग, पण आपल्या माणसाच्या लक्षात राहायला बरा. ज्या तीन माद्या दगावल्या त्यांपैकी दोन जेमतेम सहा महिन्यांच्या असतील. एकीच्या कपाळावर रेघांच्या खुणा अजून होत्या.

एकाच मडक्यातले बहीण-भाऊ जोडी म्हणून घेऊ नका. नर एका ठिकाणचा, मादी दुसऱ्या ठिकाणची घ्यावी. घरात आधीची पाखरं असतील तर नवी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावी, रोग आला तर तेवढ्यात कळतो. आणि आणल्या दिवशी मडकं बांधू नये. दोन-तीन आठवडे जागेला रुळू द्यावं. नर मादीला चोचीने दाणा भरवू लागला, दोघं एकमेकांचं डोकं खाजवू लागली, की जमलं समजावं.

जागा, हंगाम आणि दाणा

एका जोडीला दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पिंजरा किमान हवा. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण पाखरू आडवं उडतं. बसायची काठी बाभळीची किंवा पेरूची असावी आणि घट्ट बसवलेली असावी. काठी हलत असेल तर जोडा नीट लागत नाही आणि अंडी पोकळ निघतात. हे इतकं साधं कारण आहे की कोणाच्या लक्षातच येत नाही.

मोठ्या पिंजऱ्यात चार-पाच जोड्या एकत्र ठेवायची हौस असते. दिसायला छान दिसतं. पण माद्या मडक्यासाठी भांडतात, एकमेकींची अंडी फोडतात, पिल्लंसुद्धा मारतात. ठेवायच्याच असतील तर जोडीमागे दोन मडकी, सगळी एकाच उंचीवर आणि जादा मादी एकही नको. पहिल्या वेळेला मात्र एक पिंजरा, एक जोडी.

पिंजरा चुलीपासून लांब असावा. पाखराची छाती नाजूक असते, आपल्याला नुसता ठसका लागतो तेवढ्या धुराने ते आजारी पडतं. पाचट जाळू नका हे शेतकी खातं घसा कोरडा करून सांगतं ते जमिनीसाठी, पण ज्यांच्या पडवीत पिंजरा आहे त्यांनी ते पाखरांसाठी तरी ऐकावं. न चिकटणारा काळा तवा रिकामा गॅसवर राहून तापला, तर त्याच्या वाफेने घरातली पाखरं काही मिनिटांत मरतात. वास येत नाही, धूर दिसत नाही, त्यामुळे कारणही कळत नाही. हे घरातल्या वहिनींना जरूर वाचून दाखवा. उंदीर, मांजर आणि धामण यांचा बंदोबस्त करावा. मुंग्या लागत असतील तर पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे.

हंगामाचं म्हणाल तर पूर्वहंगामी लागणीचा आणि मडकं बांधण्याचा काळ एकच, ऑक्टोबर-नोव्हेंबर. पावसाळ्यात दाण्याला आणि मडक्यातल्या भुशाला बुरशी धरते. मार्चनंतर आपल्याकडे उकाडा असा की मडक्यात बसलेल्या मादीचा आणि पिल्लांचा जीव घुसमटतो. ऑक्टोबरला सुरू करून फेब्रुवारीअखेर आटपावं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पिंजऱ्यावर गोणपाट टाकायला विसरू नका, मात्र हवा खेळती राहील असं.

दाणा म्हणून राळे मुख्य, जोडीला टरफलासकट वरी आणि थोडी बाजरी. एका पाखराला दिवसाला दोन चमचे पुरतात. सूर्यफुलाचं बी चारू नये असं नाही, पण त्याने मादीच्या अंगावर चरबी चढते आणि चरबी चढलेल्या मादीचं अंडं अडतं. मडकं बांधायच्या महिनाभर आधीपासून भिजवून मोड आलेला दाणा, उकडलेल्या अंड्याचा चुरा, शेवग्याची पानं, मेथी, कोथिंबीर सुरू करावी. अंड्याचा चुरा आणि मोड दोन-तीन तासांत उचलून टाकावे, आंबले की जुलाब होतात. हिरवा पाला परसातला, फवारणी न झालेला असावा. उसाच्या सरीत लावलेली मेथी आपण बाजारात नेतो ती वेगळी आणि पाखराला घालायची ती वेगळी. तीस ग्रॅमच्या जिवाला विषाचा अंश किती लागतो, विचार करा.

आणि समुद्रफेस. काष्ठौषधीच्या दुकानात पांढरा, हलका तुकडा मिळतो. तो पिंजऱ्याला बारमाही टांगलेला असावा. अंड्याच्या कवचाला चुना लागतो. तो दाण्यातून जवळजवळ मिळत नाही, बाहेरून मिळाला नाही तर मादी स्वतःच्या हाडांतून काढते. नुसतं राळ्यावर ठेवलेल्या मादीकडून पाच अंडी घेणं म्हणजे खताचा एकही हप्ता न देता टनेज मागणं. शिवाय सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ पिंजऱ्यावर येऊ द्यावं, त्याशिवाय खाल्लेला चुना अंगी लागत नाही.

मडकं, अंडी आणि अडलेलं अंडं

कुंभाराकडचं लहान मडकं, बाजूला दीड-दोन इंचांचं भोक पाडलेलं, आपल्याकडे सगळीकडे मिळतं. लाकडी पेटी जास्त चांगली, कारण तिला मागून झाकण करता येतं. पेटी केली तर तळ सपाट ठेवू नका, मध्ये बशीसारखा खोलगट हवा. सपाट तळावर अंडी गडगडतात आणि पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकतात. एकदा फाकलेले पाय वेळीच आवरले नाहीत तर ते पाखरू जन्मभर सरपटतं. तळाला लाकडाचा जाडसर भुसा बोटभर घालावा. मादी तो उकरून बाहेर टाकते, पुन्हा थोडा घालावा.

मडकं लावल्यावर मादी पहिले काही दिवस नुसती डोकावते. "आठवडा झाला, काहीच नाही," म्हणून लगेच जोडी बदलू नका. साधारण दहा ते पंधरा दिवसांत पहिलं अंडं येतं, पुढे एक दिवसाआड एक, अशी चार ते सहा. उबवते एकटी मादी, नर तिला भोकापाशी येऊन भरवतो. अठराव्या दिवशी अंडं फुटतं. अंडी एक दिवसाआड घातलेली असल्यामुळे पिल्लंही एक दिवसाआड निघतात, तेव्हा एक निघालं आणि बाकीची का नाहीत म्हणून कवचं फोडून बघू नका. उबवायला लागल्यापासून सहा-सात दिवसांनी अंधारात बॅटरीच्या उजेडासमोर अंडं धरलं तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं. नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर ते पोकळ. पहिल्या खेपेला सगळी पोकळ निघणं नेहमीचंच आहे. ती अंडी उचलून टाकायची घाई मात्र करू नये. अंडी गेली की मादी लगेच नवी घालायला लागते, म्हणजे आधीचा खर्च वाया आणि वर दुसरा खर्च. ती स्वतः सोडून देईल तेव्हा काढावी.

आता अडलेल्या अंड्याचं नीट लक्षात घ्या. मादी मडक्यातनं बाहेर येऊन पिंजऱ्याच्या तळाशी बसते, पिसं फुलवते, डोळे अर्धे मिटते. शेपटी श्वासाबरोबर वरखाली होते, पाय लुळे पडल्यासारखे दिसतात, पोट खालून फुगलेलं असतं. "थंडी वाजतीय वाटतं," म्हणून सकाळपर्यंत वाट बघितली तर सकाळी ती नसते. हे तासांचं काम आहे. बाजूला भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाला मऊ कापड. एका टोकाबाहेर जुना चाळीस वॅटचा पिवळा बल्ब ठेवा, म्हणजे आत तीस-बत्तीस अंश ऊब राहील आणि जास्त वाटली तर मादीला दुसऱ्या टोकाला सरकता येईल. आत कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं एका वाटीत ठेवावं, दमट उबेने स्नायू सैलावतात. आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा, डॉक्टर चुन्याचं इंजेक्शन देतात. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नये. ते आत फुटलं की मादी हातची गेली. चोचीत तेल ओतू नये, ते छातीत उतरतं. माणसाच्या गोळ्या कुटून देऊ नये. गायी-म्हशींचा डॉक्टर पाखरू बघेल का, असं मनात आणू नका. विचारल्याशिवाय कसं कळणार? मडकं बांधण्याआधीच एकदा विचारून ठेवावं, हे उत्तम.

कोवळं वय, चुन्याची कमतरता, चरबी, गारठा आणि खेपांवर खेपा ही अंडं अडण्याची मुख्य कारणं. पाचही आपल्या हातातली आहेत.

पिल्लं

निघालेलं पिल्लू आंधळं, उघडं आणि शेंगदाण्याएवढं असतं. मादी पहिले दिवस त्याला अगदी पातळ खुराक भरवते. रोज एकदा, मादी खायला बाहेर आली की, मडक्यात नजर टाकावी. गळ्याखालची पोटळी भरलेली दिसली की सगळं ठीक. पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात आठ-दहा दिवसांचं अंतर पडतं, त्यात धाकटं दबून मरतं. आपण विरळणी करतो तसं निसर्ग करतो, असं एक सभासद म्हणाले. मला ते पटत नाही. घरात दुसरी जोडी त्याच वेळी बसलेली असेल तर धाकटं तिच्याकडे ठेवता येतं. तेवढ्यासाठी दोन जोड्यांना एकाच दिवशी मडकी लावलेली बरी, पण ते पुढच्या वर्षी. चमच्याने भरवायचा प्रयत्न नवशिक्याने करू नये. मोबाइलवर बघायला सोपं वाटतं, प्रत्यक्षात गरम खुराकाने पोटळी भाजते किंवा तो श्वासनळीत जातो.

दहाव्या दिवशी डोळे उघडतात. दोन आठवड्यांनी मडक्यात शिटेची साय जमते, ती पायाला, चोचीला घट्ट बसते. पिल्लं टोपलीत काढून भुसा बदलावा, पाय कोमट पाण्याने धुवावे, दहा मिनिटांत परत ठेवावी. शिट झाडताना ती आधी ओली करावी आणि नाकाला फडकं बांधावं. पोपटांच्या वाळलेल्या शिटेच्या धुळीतून माणसाला न्यूमोनियासारखा ताप येऊ शकतो. दम्याच्या माणसाच्या खोलीत पिंजरा नकोच.

तीस-पस्तीस दिवसांनी पिल्लं मडक्याबाहेर येतात. त्यानंतर त्यांना भरवतो तो मुख्यतः नर. मादीच्या मनात तोवर दुसरी खेप आलेली असते, आणि कधी कधी ती मोठ्या पिल्लांची पिसं उपटते, चोच मारते. तसं दिसलं तर पिल्लं खाली पिंजऱ्यात काढून मध्ये आडोसा करावा, नर भरवत राहतो. दीड महिन्याचं झालेलं पिल्लू स्वतः दाणा सोलून खाताना दोन-तीन दिवस बघावं आणि मगच वेगळं करावं. दाण्याच्या वाटीत चोच घालतं म्हणजे खातंच असं नाही. वाटीतली टरफलं फुंकून बघा.

रंगाचं एक गमतीचं सांगतो, पोरांना आवडेल. हिरव्या नर-मादीच्या मडक्यात कधी अचानक निळं पिल्लू निघतं आणि घरात कुजबूज सुरू होते. त्यात काही नाही. निळा रंग दोघांच्याही अंगात लपलेला असतो, आणि तसा तो दोघांतही असेल तर सरासरीने चारांत एक पिल्लू निळं होतं. उलट दोन निळ्यांना हिरवं पिल्लू कधीच होत नाही. पिवळाधमक, लाल डोळ्यांचा नर आणि शुद्ध हिरवी मादी असेल तर सगळ्या लेकी बापाच्या रंगाच्या आणि सगळे लेक हिरवे होतात. कोइंबतूरला १९१२ पासून उसाच्या जाती तयार करणारे शास्त्रज्ञ याच नियमांच्या आधाराने संकर करत आले आहेत. फक्त उसाची गुंतागुंत फार मोठी आणि बजीचा हिशेब मात्र आठवीतल्या पोराला वहीत मांडता येतो.

मडकं कधी काढायचं

तिसरी दगावलेली मादी चांगली दीड वर्षाची होती, समुद्रफेसही टांगलेला होता. ती सलग चौथ्या खेपेला गेली. घरधनी म्हणाले, "साहेब, ती स्वतःहूनच घालत होती की, आम्ही काय करणार?" करायचं एवढंच, मडकं सोडून घ्यायचं. पिंजऱ्यात ढोली नसली की बहुतेक माद्या थांबतात.

हिशेब करून बघा. मडकं लावल्यापासून पहिलं अंडं पंधरा दिवस, पाच अंडी घालायला नऊ दिवस, शेवटचं फुटायला अठरा दिवस, ते पिल्लू उडायला पाच आठवडे. एक खेप अडीच महिन्यांची. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लावलेलं मडकं फेब्रुवारीअखेर दोन खेपा देतं. तेवढ्यावर थांबावं. खोडवा आपण घेतो, जपून घेतला तर परवडतो. पण खोडव्यावर खोडवा घेत गेलं की बुडखे वर येतात, मर वाढते, हे सांगायला माझी गरज नाही. मादीचं बुडखं दिसत नाही एवढाच फरक. दुसऱ्या खेपेचं शेवटचं पिल्लू बाहेर पडलं की त्याच संध्याकाळी मडकं काढावं. ती दोन-चार दिवस कोपऱ्यात चोच घासत बसेल, कालवा करेल, द्रव येऊन पुन्हा बांधू नका. मोड आणि अंड्याचा चुरा बंद करून नुसत्या दाण्यावर आणि पाल्यावर आणावं. तरीही तळाशी अंडी घालू लागली तर महिनाभर नर-मादी वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवावी. चार वर्षांपुढच्या मादीला मडकं दाखवूच नये, तिला नुसतं राहू द्यावं. बजी आठ-दहा वर्षंही जगतो.

राहिला प्रश्न पिल्लांचा. दोन खेपांत आठ-दहा पिल्लं होतात, त्यांना घर कुठलं, हे मडकं बांधण्याआधीच घरात ठरलेलं असावं. जोडधंदा म्हणून कोणी याकडे बघत असेल तर शेळी किंवा गावरान कोंबडी बघा, असं मी स्पष्ट सांगतो. दुकान काढून विकायचं तर २०१८ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते. आणि पुण्य म्हणून सोडून तर मुळीच देऊ नये. आपल्या आभाळात या पाखराला दाणा कुठे आहे ते कळत नाही, कावळे आणि शिकरा त्याला संध्याकाळपर्यंत ठेवत नाहीत. पाहुण्या-रावळ्यांत, पोरांच्या मित्रांत देताना त्यांच्याकडे पिंजरा टांगलेला आहे का हे आधी विचारावं, सोबत आठवड्याचा दाणा बांधून द्यावा. एका घरी दोन द्यायची झाली तर दोन्ही नर किंवा दोन्ही मादी द्या. बहीण-भाऊ दिले की वर्षाच्या आत ते घरही मडकं शोधायला लागतं.

जोडी घ्यायच्या आधी कोणाला पाखराचं वय किंवा नर-मादी दाखवून घ्यायची असेल तर चिटबॉयबरोबर निरोप द्यावा, प्लॉट पाहणीच्या फेरीत येऊन बघून जाईन. फोटो पाठवणार असाल तर चोचीवरची गादी आणि कपाळ उजेडात नीट दिसेल असा पाठवा, पिंजऱ्याचे गज मध्ये येऊ देऊ नका.